डबा सकाळी सातचा नाही, साडेअकराचा तपासा (लांबलंय, पण वाचा)

ताई, पाळणाघरात बाळाला हाताने खायचा डबा कसा द्यायचा हा तुमचा प्रश्न वाचला आणि सरळ तीन वर्षं मागे गेले. तुमचं बाळ आठ महिन्यांचं, रजा संपलेली, घरी भोपळ्याची फोड नाहीतर केळं हातात धरून मस्त खातंय आणि पाळणाघरातल्या बाई म्हणतात सगळं मिक्सरमधून काढूनच द्या, नाहीतर भरवणार नाही. आमचं अगदी हेच झालं होतं, म्हणून एवढं लिहितेय. मी डॉक्टर नाही, ठाण्यात राहणारी नोकरी करणारी आई आहे. तुमच्या बाळाचं तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचाराच, त्यातून बाळ वेळेआधी झालेलं असेल किंवा वजनाचं काही चालू असेल तर माझं ऐकूच नका.

वरचं अन्न सहा महिन्यांनंतर, बाळ नीट बसायला लागल्यावर, मध वर्षापर्यंत नाही, मीठ-साखर नाही, हे सगळं तुम्हाला माहीतच असणार, ते सोडून देते.

माझी चूक सांगते. त्या आठवड्यात पनीर सुरू केलं होतं. घरचं ताजं पनीर, बोटाएवढ्या लांब पट्ट्या, तुपात जराशा परतलेल्या. सगळे सांगतात तसं अंगठा आणि पहिल्या बोटात धरून दाबून बघितल्या, लगेच चेपल्या, म्हटलं झालं. सात वाजता डबा भरला, सव्वाआठला पाळणाघरात दिला, त्यांनी तो फ्रीजमध्ये ठेवला. ते बरोबरच आहे, आपल्या उकाड्यात शिजवलेलं अन्न चार तास बाहेर ठेवायचंच नाही. साडेअकराला डबा काढून थेट माझ्या लेकापुढे ठेवला आणि पट्टीचा तुकडा त्याच्या घशात अडकला. त्या संध्याकाळी डब्यात उरलेली पट्टी मी घरी आणून दाबली तर खोडरबर! दाबली की परत वर येत होती. ती हातात धरून मी किती वेळ ओट्याशी उभी होते मला आठवत नाही.

म्हणजे मी तपासलं होतं, पण सातचं. बाळ खाणार होतं ते साडेअकराचं, फ्रीजमधून निघालेलं, आणि ते मी कधी बघितलंच नव्हतं. पुढच्या रविवारी मी रोजचाच डबा भरून चार तास फ्रीजमध्ये ठेवला आणि एकेक गोष्ट दाबून बघितली. इडली कडेने वातड, पोळीचे तुकडे चामड्यासारखे, नाचणीचं धिरडं वाळलेलं. लाल भोपळा, दुधी, रताळं मात्र तसंच मऊ. त्या दिवसापासून डब्यात हेच, आणि धिरडं द्यायचंच असेल तर दह्यात नाहीतर पातळ वरणात बुडवून. आणि जे काही फ्रीजमधून निघेल त्याचा बंद डबा गरम पाण्याच्या भांड्यात पाच-सात मिनिटं ठेवून मगच द्यायचं, देणाऱ्या बाईंनी एक तुकडा आधी स्वतः दाबून बघायचा. तुम्हीही या रविवारी हे करून बघा.

आता त्या दिवशी नक्की काय झालं ते. ठसका लागणं आणि घास अडकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठसक्यात आवाज येतो, चेहरा लाल होतो, जीभ बाहेर येते, बाळ उमासे काढून आपलंच आपण बाहेर टाकतं, तेव्हा बघत बसायचं, हात लावायचा नाही. घास अडकला की आवाजच बंद होतो. खोकला नाही, रडणं नाही, ओठ निळसर पडायला लागतात. माझ्या लेकाचा आवाज बंद झाला होता. भरवणाऱ्या मावशींनी घाबरून तोंडात बोट घातलं (हे कधीच करायचं नाही, न दिसणारा तुकडा आणखी आत जातो) आणि तेवढ्यात शेजारच्या खोलीतल्या ताई धावत आल्या, त्यांनी त्याला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली, जबडा धरून, आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने थापा मारल्या. तिसऱ्या थापेला तुकडा बाहेर पडला. वर्षाच्या आतल्या बाळाला अशा पाच थापा, नाही निघाला तर उताणं करून छातीच्या मधोमध पाच दाब, परत थापा, आणि दुसऱ्या कोणीतरी त्याच वेळी १०८ लावायचा. पोट दाबायचं ते मोठ्यांसाठी, बाळाला नाही. हे वाचून येत नाही हो, कुठेतरी प्रत्यक्ष शिकून घ्या आणि घरातल्या आजी-आजोबांनाही शिकवा.

पण मला खरा त्रास झाला तो त्यानंतर. पाळणाघराच्या ऑफिसात मी एवढंच म्हटलं की काय झालं ते लिहून द्या आणि डबा गरम करून द्यायची सोय करा. उत्तर मिळालं, काही झालंच नाही, ठसका लागला होता. दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे कागद, वर्षाच्या आतल्या बाळांना फक्त बारीक केलेलं, सही करा. मी डॉक्टरांची चिठ्ठी आणली, मऊ फोडी हातात द्यायला हरकत नाही असं स्पष्ट लिहिलेली. ती ठेवून घेतली. आठवड्याने विचारलं तर वर पाठवलीय, पंधरा दिवसांनी विचारलं तर मॅडम रजेवर, महिन्याने विचारलं तर कुठली चिठ्ठी? नोकरी टिकवायची होती, जवळ दुसरं पाळणाघर नव्हतं, मी सही केली. चार महिने मुलगा दिवसभर मिक्सरमधली पेज खात होता, संध्याकाळी दमलेला असायचा आणि घरीही तेच मागायचा. तेरा महिन्यांचा झाला तेव्हा वरणभातात एक अख्खं शीत आलं तरी सगळं ओकून टाकायचा. चावायला शिकायचं वय असतं ते आमचं असं गेलं. नीट पोळी-भाजी खायला त्याला दीड वर्ष उलटून गेलं. अजूनही त्या ऑफिसचा राग येतो मला, लपवत नाही.

म्हणून माझं मत, कोणाला पटेल न पटेल, ऑफिसशी भांडण्यात महिने घालवू नका, जी बाई प्रत्यक्ष भरवते तिच्याशी बोला. एक दिवस अर्धी सुट्टी टाका आणि जेवणाच्या वेळी तिथे बसा. बाळ ताठ बसलंय का, झोपाळ्यात रेलून नाही ना, भरवताना कोणी समोर बसतं का की चार बाळांमध्ये एक मावशी फिरतेय. आणि त्याच सतरंजीवर मोठी मुलं काय खातात ते बघा. शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, अख्खी द्राक्षं, कच्चं गाजर. तुमचा डबा कितीही मऊ असला तरी शेजारच्या तीन वर्षांच्या ताईने प्रेमाने शेंगदाणा भरवला तर? वाढदिवसाच्या दिवशी तर फार लक्ष ठेवायला सांगा. आणि नवा पदार्थ पहिल्यांदा कधीच डब्यात नको, आधी घरी, सुट्टीच्या दिवशी सकाळी, म्हणजे अंगावर काही उठलं तर आपण समोर असतो.

रजेचं पण जाताजाता लिहिते. २०१७ पासून २६ आठवडे मिळतात, त्यातले काही बाळंतपणाआधीच जातात, म्हणजे वरचं अन्न सुरू व्हायची वेळ आणि आपण कामावर परतायची वेळ एकच. बाळंतपणाच्या रजेच्याच कायद्यात ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करायचीय आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचंय. मला हे फार उशिरा कळलं, नाहीतर साडेअकराला मीच गेले असते. तुमच्या एचआरला विचाराच.

आणि डॉक्टरांची चिठ्ठी घेतलीत तर पाळणाघराला झेरॉक्स द्या आणि त्यावर मिळाल्याची सही-तारीख घ्या. मूळ चिठ्ठी तुमच्याकडे.