नारळ द्यायचाय, पण अपमान करायचा नाहीये

प्रश्न : माझी छोटी फर्म आहे, नऊ जणांची टीम. एक मुलगा चार वर्षं आमच्याकडे आहे, स्वभावाने एकदम चांगला, सगळ्यांचा लाडका, पण गेलं वर्षभर नुसत्या चुका चालल्यात, क्लायंटला चुकीची बिलं गेली, डेडलाईन हुकल्या, दोनदा समजावलं, लेखी पण दिलं, सुधारायला वेळ दिला, फरक शून्य. आता काढायचं ठरवलंय पण तोंडावर सांगायला जीभ रेटत नाही. शुक्रवारी संध्याकाळी मेल टाकून मोकळं व्हावं असं वाटतंय, म्हणजे त्यालाही वीकेंड मिळेल सावरायला. चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. वीकेंडचं कारण तुम्ही स्वतःची समजूत काढायला शोधलंय, समोरासमोर बसायचं तुम्हालाच टाळायचंय (साहजिक आहे, हे काम कुणालाच आवडत नाही). शुक्रवारी संध्याकाळी मेल वाचून तो कुणाला काय विचारणार? अकाउंट्सवाले घरी गेलेले, तुम्ही फोन उचलणार नाही, दोन दिवस नुसता डोक्यात भुंगा. आठवड्याच्या मधला दिवस आणि सकाळची वेळ घ्या.

पण त्याआधी एक. तुम्ही दोनदा समजावलंत, लेखी दिलंत, छान. त्याचं म्हणणं काय ते ऐकलंत का? तुमच्या प्रश्नात तरी दिसत नाही. तीन वर्षं नीट काम करणारा माणूस चौथ्या वर्षी बिलं चुकवायला लागतो तेव्हा मधे काहीतरी बदललेलं असतं, सॉफ्टवेअर, कामाचा लोड, घरचं काही, तब्येत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८२ सालचा १५८ क्रमांकाचा करार आहे, त्यातही हेच आहे की काढायला रास्त कारण हवं, काम किंवा वागणूक यावरून काढायचं तर आधी बाजू मांडायची संधी द्यायची, आणि गंभीर गैरवर्तन नसेल तर वाजवी नोटीस किंवा तिचे पैसे द्यायचे. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, म्हणून तुमच्याकडचा कायदा आणि त्याचं अपॉइंटमेंट लेटर आधी वकिलाला दाखवा. पण कायदा काहीही असो, ऐकून घ्या, आणि आधीच सगळं ठरवून टाकून ऐकल्याचं नाटक नको, ते समोरच्याला लगेच कळतं.

ऐकूनही निर्णय तोच राहिला तर मग घोळ घालू नका. बंद खोली, तुम्ही आणि आणखी एक जबाबदार माणूस, बस. बसल्या बसल्या घरचे कसे आहेत वगैरे गप्पा नकोत, पहिल्याच वाक्यात सांगा, ‘वाईट बातमी आहे. तुझी नोकरी थांबवायचा निर्णय झालाय, शेवटचा दिवस अमुक, कारण आपण ज्या चुकांबद्दल दोनदा बोललो होतो त्याच.’ आणि गप्प बसा. तो रडेल, चिडेल, नाहीतर काहीच बोलणार नाही, ती शांतता भरून काढायला तुम्ही बोलत सुटाल आणि तिथेच गडबड होते. ‘मलाच जास्त त्रास होतोय रे’ असं तर चुकूनही नको, नोकरी त्याची गेली आणि धीर त्यानेच तुम्हाला द्यायचा का? ‘तू खूप छान काम करतोस’ पण नको, मग काढताय कशाला. आणि कॉस्ट कटिंगची थाप तर अजिबातच नको, महिनाभरात त्याच खुर्चीवर नवीन माणूस बसला की थाप उघडी पडते, कोर्टात गेलं तर तीच अंगाशी येते. अजून एक महिना द्या म्हणाला तर ‘निर्णय झालाय’ एवढंच, वाद घालू नका.

त्या वेळी त्याच्या डोक्यात फारसं काही शिरणार नाही, म्हणून हिशेब कागदावर तयार ठेवा : पगार, शिल्लक रजा, नोटीसचे पैसे, आणि कुठल्या तारखेला जमा होणार ते. एक्सपिरियन्स लेटर कधी मिळेल तेही. नवीन कंपनीतून फोन आला तर तुम्ही काय सांगणार हे त्याच्याशी तिथेच बोलून ठरवा, त्याला सगळ्यात मोठी धास्ती त्याचीच असते. टेबल आवरायला आत्ता थांबायचं की नंतर यायचं ते त्याला ठरवू दे, डोक्यावर वॉचमन उभा करू नका.

प्रश्न : काढलेल्या माणसाबद्दल बाकीच्या टीमला किती सांगायचं?

उत्तर : त्याच दिवशी, दोन वाक्यांत. तो अमुक तारखेपासून आपल्याबरोबर नसेल, त्याचं काम तमुक बघेल. कारण विचारलं तर ‘ते त्याच्यात आणि माझ्यात’. आणि ऑफिसच्या ग्रुपमधून कुणा उत्साही माणसाने त्याला मीटिंग संपायच्या आधीच काढून टाकलं नाही ना एवढं बघा, होतं असं.