घरातलं जुनं : काकांची रंगीत मांडणी

प्रश्न : ताई, नमस्कार. माझे काका १९६०च्या दशकात नोकरीसाठी हॉलंडमध्ये होते. येताना त्यांनी भिंतीवर लावायचं पुस्तकांचं लोखंडी शेल्फ आणलं. काळ्या सळ्यांच्या दोन बाजू आणि पत्र्याच्या चार फळ्या : लाल, पिवळी, निळी, करडी. खोक्याचा एक तुकडा उरलाय, त्यावर ‘टोमाडो’ छापलेलं आहे. आता ते माझ्याकडे, पुण्यात एरंडवण्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये आलंय. कडांना गंज धरलाय, रंगाचे टवके उडालेत, पाचवी फळी हरवलीय. घरातले म्हणतात, सगळं पांढरं पावडर कोटिंग करून टाक. करू का? आणि भिंतीला वजन पेलेल का?
– एक वाचक, एरंडवणे

उत्तर : पावडर कोटिंग करू नका. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून आधी तेच सांगते.

माझे वडील तांबट आळीजवळ स्वयंपाकघराच्या मांडण्या बनवायचे. पत्रा कापणं, कडा मुडपणं, सळ्या वाकवणं हे मी लहानपणापासून पाहत आले. तरीही बऱ्याच वर्षांपूर्वी तुमच्यासारखंच एक शेल्फ मी एका वर्कशॉपमध्ये कोटिंगला दिलं. आधीचा रंग पार खरवडला गेला, मग भट्टीत सुमारे १८० अंशांवर नवा थर भाजला. परत आलं तेव्हा दिसायला कोरं करकरीत, पण फळ्यांच्या खाचा सळ्यांवर बसेनात. हा थर ६० ते ८० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, आणि खाचेत तो दोन्हीकडून चढतो. कारागिराने कानस मारून खाचा मोठ्या केल्या. उघड्या पडलेल्या त्या कडा पहिल्याच पावसाळ्यात गंजल्या. मूळ रंग तर गेलाच होता, तो काही परत आणता आला नाही.

तुमच्या शेल्फचं मोल त्या रंगातच आहे. टोमाडो या डच कंपनीचं नाव ‘व्हान डर टोख्त’ हे मालकांचं आडनाव, ‘मासा’ म्हणजे मोठ्या प्रमाणावर बनवलेला माल, आणि दोर्द्रेख्त हे गाव, यांची आद्याक्षरं जोडून झालं. ही मंडळी भांडी निथळायचे तारेचे रॅक, असल्या घरगुती वस्तू बनवत. तारेचं तेच कसब पुढे पुस्तकांच्या शेल्फात आलं. स्वीडनमध्येही तसंच घडलं. निल्स स्ट्रिनिंग यांनी आधी प्लास्टिकचा लेप दिलेला तारेचा भांड्यांचा रॅक केला, आणि १९४९ साली बोनियर प्रकाशनाने पुस्तकांच्या शेल्फसाठी स्पर्धा ठेवली तेव्हा त्यांनी आणि पत्नी काइसा यांनी शिडीसारख्या तारेच्या बाजूंचं ‘स्ट्रिंग’ शेल्फ त्यात उतरवलं. ते जिंकलं. वडिलांना हे सांगायचं राहूनच गेलं. भांड्यांच्या मांडणीतून पुस्तकांची मांडणी निघाली, याचा त्यांना फार आनंद झाला असता.

काळ्या रेघा आणि लाल, पिवळा, निळा हे रंग पाहिले की मला मोंद्रियान या डच चित्रकाराची १९२०च्या दशकातली चित्रं आठवतात. सगळं पांढरं केलंत तर उरेल तो नुसता वाकवलेला पत्रा.

धुण्याआधी पिवळी फळी खिडकीपाशी तिरपी धरून बघा. पुस्तकं टेकायची तिथे रंग गडद राहिलेला असेल आणि पुढची उघडी पट्टी फिकट झालेली असेल. ती पट्टी घासून काढायला जाऊ नका. साबणाचं कोमट पाणी, मऊ फडकं, आणि लगेच कोरडं करणं, एवढंच करा. चिंच, लिंबू अजिबात नको. तांब्याला ती चालतात, पण इथे आम्ल टवक्यातून रंगाखाली शिरतं. गंज असेल तेवढ्याच जागी शिलाई मशीनच्या तेलात भिजवलेलं सगळ्यात बारीक, चार शून्यांचं (०००० नंबर) स्टील वूल हलक्या हाताने फिरवा, पुसा आणि वर मेणाचा पातळ हात द्या. कोरडा पॉलिश पेपर मारू नका. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, आणि ती धूळ लहान मुलांच्या अंगात जायला नको.

आता भिंत. नव्या इमारतीत हलके पांढरे ब्लॉक असतात, त्यात साधी गिट्टी (स्क्रूसाठी भिंतीत बसवायची प्लास्टिकची नळी) ढिली पडते. ड्रिलमधून लाल भुकटी आली तर वीट आहे. पांढरट, मऊ पीठ आलं तर त्या ब्लॉकसाठीची खास गिट्टी मागा. बोहरी आळीत मिळेल. प्लॅस्टरच दीड-दोन सेंटिमीटरचं असतं, म्हणून स्क्रू त्याच्या पार आत रुतेल इतका लांब हवा. सगळी ओढ वरच्या स्क्रूंवर येते. वजनाचं म्हणाल तर एका फळीची पुस्तकं पिशवीत भरून काट्यावर ठेवा, पोटात गोळा येईल. जाड कोश खालच्या फळीवर, तेही मागे भिंतीला टेकवून. आणि पावसात ओल धरणारी बाहेरची भिंत टाळा.

पाचवी फळी करून घ्या, पण लाल-पिवळी नको. करडी फळी नमुना म्हणून पत्र्याचं काम करणाऱ्याकडे न्या, तितक्याच गेजचा (जाडीचा) सीआर, म्हणजे थंड लाटलेला गुळगुळीत पत्रा मुडपून घ्या, आणि रंग हाताने, पातळ. खाच आधी सळीवर बसवून बघा, रंग नंतर. फळीच्या खालच्या अंगाला करून घेतल्याचं वर्ष लिहून ठेवा, म्हणजे पुढे कुणाला ती काकांनी आणलेली वाटणार नाही.