वाचकांचे प्रश्न : वाफेचे पाइप, अडकलेली हवा आणि फुकट जाणारा गॅस

या वेळी थंड देशांत जुन्या घरांत राहणाऱ्या वाचकांचे प्रश्न जास्त आलेत आणि जवळपास सगळे स्टीम हीटिंगचेच (बॉयलरमध्ये पाणी उकळून त्याची वाफ पाइपांतून खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरमध्ये नेऊन घर तापवायचं, ते) आहेत, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : आमच्या जुन्या घरात तळघरात स्टीमचा बॉयलर आहे, वर प्रत्येक रेडिएटरला एकच पाइप येतो. तळघरात इतकं गरम होतं की तिथे कपडे वाळत घालतो, आणि टोकाच्या खोलीत मात्र मुलं स्वेटर घालून बसतात. गॅसचं बिल बघवत नाही. बॉयलरवाला म्हणतोय प्रेशर वाढवून देतो. वाढवू का?

अजिबात नको. प्रेशर वाढवलं की वाफ लांब जाते असं सगळ्यांना वाटतं आणि तिथेच गाडं चुकतं.

बॉयलर बंद असतो तेव्हा तुमच्या पाइपांत आणि रेडिएटरमध्ये हवा भरलेली असते. दोन इंची पाइप धरला तर दहा मीटरमध्ये साधारण बावीस लिटर हवा, रेडिएटरमधली वेगळी. ही हवा बाहेर पडल्याशिवाय वाफ पुढे सरकत नाही, जसं गाडीतले उतरल्याशिवाय बाहेरच्यांना चढता येत नाही, आणि प्रेशर वाढवणं म्हणजे दारात नुसती धक्काबुक्की. हवेला बाहेर पडायला वाट ठेवलेली असते ती म्हणजे व्हेंट. प्रत्येक रेडिएटरवर एक छोटा असतो तो सगळ्यांना माहीत असतो, पण तळघरातल्या मेन पाइपच्या (बॉयलरमधून निघून सगळ्या रेडिएटरना वाफ पुरवणारा मुख्य पाइप) शेवटी जो मोठा व्हेंट असतो त्याच्याकडे कोणी वर्षानुवर्षं बघत नाही. तो गंजून बंद पडलेला असतो, नाहीतर आधीच्या कोणीतरी काढून तिथे बूच मारलेलं असतं. मग सगळी हवा रेडिएटरच्या त्या सुईएवढ्या भोकांतून जायला बघते, तेवढा वेळ बर्नर जळतोच आहे, बॉयलरच्या जवळचे रेडिएटर आधी तापतात, त्यांच्या जवळ थर्मोस्टॅट (खोलीचं तापमान बघून बॉयलर चालू-बंद करणारा) असेल तर तो म्हणतो झालं काम, बॉयलर बंद, आणि टोकाच्या खोलीत वाफ पोचलेलीच नसते.

तपासायला सोपं आहे. बॉयलर पूर्ण गार असताना थर्मोस्टॅट वाढवा आणि तळघरात मेनच्या शेवटी जाऊन व्हेंटच्या तोंडाजवळ हात धरा. पाणी उकळायला लागलं की हाताला हवेची झुळूक लागली पाहिजे, सलग आणि चांगली जाणवण्यासारखी. काहीच लागत नसेल तर व्हेंट मेला. मग घड्याळ लावा : बॉयलरच्या वरचा पाइप तापला तिथपासून ते मेनचं टोक तापलं तिथपर्यंत किती वेळ गेला (पाइपला मुठीत धरू नका, नुसतं जवळ हात नेला तरी कळतं). चार-पाच मिनिटांत पोचली तर छान, पंधरा-वीस मिनिटं लागत असतील तर तुमचं बिल तिथेच वाढतंय. लांब मेनला एक व्हेंट पुरत नाही, दोन-तीन एकत्र बसवतात. बसवताना अगदी टोकाला नाही, टोकापासून थोडं अलीकडे आणि छोट्या उभ्या तुकड्यावर उंच बसवायचा, नाहीतर पाइपातलं पाणी वाफेच्या जोराने हातोड्यासारखं आदळून नवा व्हेंटही लवकर जातो.

प्रेशरचं म्हणाल तर घरगुती सिस्टिमला दोन पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे प्रेशर मोजायचं एकक) आतच काम भागतं. अर्ध्यावर बॉयलर चालू आणि दीडवर बंद हे नेहमीचं सेटिंग. दोन पीएसआयला वाफ बिनप्रेशरच्या वाफेपेक्षा साधारण चार अंशांनी जास्त गरम असते, बस. तेवढ्यासाठी गॅस जाळायचा, वर व्हेंटवर ताण, म्हणजे दोन्हीकडून तोटा.

आता तळघरात कपडे वाळतात त्याबद्दल. एक किलो वाफेचं पाणी होतं तेव्हा साधारण ५४० किलोकॅलरी उष्णता सुटते, ती खोलीत सुटायला हवी आणि तुमच्याकडे ती उघड्या पाइपांवरून तळघरात सुटतेय. एक इंच जाडीचं फायबरग्लास गुंडाळलं की पाइपातून जाणारी उष्णता ऐंशी टक्क्यांहून जास्त कमी होते. पण आधी व्हेंट, मग इन्सुलेशन, कारण व्हेंट स्वस्त आणि फरक लगेच कळतो.

प्रश्न : पाइपांना गुंडाळायला दुकानात काळे फोमचे नळे मिळतात, कापून नुसते चढवायचे. ते चालतील का? आणि कुठले पाइप गुंडाळायचे, कुठले सोडायचे?

ते फोमचे नळे पाण्याच्या पाइपांसाठी असतात. स्टीमचा पाइप शंभर अंशांवर जातो, फोम मऊ होऊन लोंबतो, वास येतो, आणि मग तो चिकटलेला काढत बसा. तुम्हाला पाहिजे पांढऱ्या कागदाच्या आवरणातलं फायबरग्लास, ते एका बाजूने लांबीभर चिरलेलं येतं, चढवायचं आणि पट्टी चिकटवायची.

माप घेताना सगळे इथे फसतात. दोन इंची लोखंडी पाइप बाहेरून दोन इंच नसतो, जवळपास ६० मिलिमीटर असतो, आणि त्याच नावाचा तांब्याचा पाइप त्यापेक्षा बारीक. म्हणून घेताना लोखंडी पाइपच्या मापाचं सांगून घ्या, नाहीतर तांब्याच्या मापाचं येतं आणि बंदच होत नाही. पूर्ण हाताचा शर्ट, हातमोजे, मास्क हे सगळं घालून करा, नंतर दोन दिवस अंग खाजत बसू नका.

सुरुवात बॉयलरच्या अगदी वरच्या पाइपांपासून करा, तिथलं उघडं लोखंड सगळ्यात जास्त उष्णता खातं. मग मेन, मग कोपरे. लोक सरळ भाग करतात आणि कोपरे उघडे ठेवतात, कारण कापाकापी असते, पण कोपऱ्यांतूनही उष्णता तशीच जाते. व्हेंट, सेफ्टी व्हॉल्व्ह, बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच, प्रेशरचं बटण हे झाकायचं नाही, आणि धुराचा पाइप तर चुकूनही गुंडाळू नका. वाफेचं झालेलं पाणी बॉयलरकडे परत नेणारे, खाली जमिनीलगतचे पाणी भरलेले पाइप राहिले तरी फारसं बिघडत नाही. खोलीतून उभा जाणारा पाइप तुम्ही ठरवा : एखाद्या बाथरूमला रेडिएटरच नसतो आणि त्या पाइपावरच ती खोली ऊबदार राहते, तो गुंडाळला तर घरचे तुम्हाला ऐकवतील.

एवढं सगळं करताय तर जाता जाता पाइपवर लेव्हलही (उतार बघायची पट्टी) धरून बघा. पाणी थांबणार नाही असा उतार पाहिजे. पाइप ठणठण वाजत असतील तर बहुतेक वेळा कुठेतरी हँगर (पाइप टांगून धरणारी कडी) सुटून पाइप झुकलेला असतो, आणि इन्सुलेशनखाली गेल्यावर ते दिसणार नाही.

प्रश्न : एकाच पाइपाची सिस्टिम. बेडरूम इतकी तापते की भर थंडीत खिडकी उघडून झोपतो. रेडिएटरचा व्हॉल्व्ह अर्धा बंद ठेवू का? शिवाय त्याचा व्हेंट रात्रभर सुसू करतो.

व्हॉल्व्ह अर्धा नको. तुमच्याकडे वाफ आत येते आणि पाणी परत जातं ते एकाच वाटेने, अर्धा बंद केला की पाणी आत अडकतं, मग आवाज, गळती सगळं. एकतर पूर्ण उघडा नाहीतर पूर्ण बंद. खोली कमी तापवायची असेल तर त्या रेडिएटरचा व्हेंट हळू हवा सोडणारा बसवा, किंवा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह मिळतो तो रेडिएटर आणि व्हेंटच्या मध्ये बसतो, खोली पुरेशी तापली की हवा अडवतो, हवा अडली की वाफ अडली. एक सूत्र लक्षात ठेवा, मेनची हवा झटपट काढायची, रेडिएटरची सावकाश.

सुसू आवाज हवेचा असेल आणि रेडिएटर तापल्यावर थांबत असेल तर ठीक. तापल्यावरही चालू आणि वर ओलं दिसतंय म्हणजे वाफ निघतेय, व्हेंट बदला (बॉयलर बंद आणि सगळं गार असताना). अशी वाफ गेली की बॉयलरला सारखं नवं पाणी घालावं लागतं, नव्या पाण्याबरोबर ऑक्सिजन येतो आणि बॉयलर आतून गंजतो, म्हणजे नुसता गॅसचा प्रश्न नाही. रेडिएटर व्हॉल्व्हकडे किंचित उतरता आहे ना तेही बघा.

प्रश्न : पाइपांवर आधीच जुनं पांढरं प्लास्टरसारखं काहीतरी आहे, काही ठिकाणी फाटलंय, आतून पुठ्ठ्यासारख्या नळ्या दिसतात. काढून नवीन लावू?

हात लावू नका, झाडूही नका. तसं जुनं आवरण ॲस्बेस्टॉसचं (याचे बारीक तंतू श्वासातून गेले की फुप्फुसांना घातक) असण्याची दाट शक्यता असते. आधी लॅबमध्ये तपासून घ्या, निघालंच तर परवाना असलेल्या माणसाकडूनच काढून घ्या किंवा सील करून घ्या.

प्रश्न : मागच्या हिवाळ्यात सगळे पाइप गुंडाळले, घर छान तापतं, पण तळघर आता गारठतं. काही चुकलं का?

चुकलं नाही, आधी तुम्ही गॅस जाळून तळघर तापवत होता, ते बंद झालं. फक्त तिथे नळाच्या पाण्याचे पाइप बाहेरच्या भिंतीला लागून असतील तर कडाक्याच्या थंडीआधी तेही गुंडाळा आणि भिंतीच्या फटी बुजवा, नाहीतर पाणी गोठून पाइप फुटेल. या पाइपांना मात्र तो काळा फोम चालतो.