साके गरम प्यायची की गार? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न: ताई नमस्कार. माझा भाचा ओसाकाला नोकरीला आहे, दिवाळीला आला तेव्हा साकेच्या, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूच्या, तीन बाटल्या घेऊन आला. एक जुनमाई दाइगिंजो (सगळ्यात महाग हीच), एक होंजोझो आणि एक छोटी, दुधासारखी पांढरी निगोरी. शनिवारी आम्ही चार मित्र गच्चीवर बसलो, साके गरम पितात एवढंच ऐकलेलं म्हणून महागवाली पातेल्यात ओतून चांगली वाफ येईपर्यंत तापवली, तर नुसता स्पिरिटचा वास! होंजोझो नुसती फ्रीजमधून काढून प्यायलो ती मात्र सगळ्यांना आवडली. आता निम्म्या निम्म्या बाटल्या उरल्यात. वाईन टेस्टिंग आम्हा नाशिककरांना नवीन नाही, तसंच करायचं का? आणि महाग तीच भारी असं नसतं का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर: दादा, आधी उरलेल्या तिन्ही बाटल्या बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये उभ्या ठेवा, मग पुढचं वाचा. दाइगिंजोचा वास उघडल्यावर आठवडाभरात उतरायला लागतो, ती पहिली संपवा.

तुमच्या पातेल्यात काय झालं ते सांगते. दाइगिंजोसाठी तांदळाचा दाणा इतका घासतात की निम्मा किंवा त्याहून कमी उरतो. लेबलवर टक्के लिहिलेले असतात ते उरलेल्या दाण्याचे, म्हणजे ५० लिहिलं असेल तर अर्धा दाणा भुसा होऊन गेला. दासाई नावाची एक प्रसिद्ध साके आहे तिच्या एका बाटलीवर २३ लिहिलेलं असतं, म्हणजे शंभर ग्रॅम तांदळातले २३ ग्रॅमच वापरले! दाण्याच्या बाहेरच्या भागात प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ जास्त, त्याने चव जड होते, ते काढून टाकलं की मधला स्टार्च राहतो. मग हे साधारण १० अंशाच्या आसपास महिनाभर हळूहळू आंबवतात आणि त्या थंडीत यीस्ट फळांचे वास तयार करतं, पिकलेल्या केळ्याला ज्या द्रव्यामुळे वास येतो तेच द्रव्य यात असतं, दुसरं एक सफरचंदासारखं. हे वास फार हलके. पातेल्यात वाफ आली तेव्हा आधी तेच उडून गेले, नाकाशी उरलं अल्कोहोल. एवढ्या मेहनतीचा माल गॅसवर गेला याचं मला खरंच वाईट वाटलं.

आता महागाचं. दाणा जास्त घासला की तांदूळ जास्त लागतो, वेळ जास्त लागतो, म्हणून किंमत चढते. पण तो आकडा म्हणजे परीक्षेतले मार्क नव्हेत. मी वीस वर्षं नाशिकच्या वाईनवाल्या लोकांमध्ये वावरतेय, इथेही पाहुणे आधी किंमत विचारतात आणि मग त्यांना तीच आवडते, ही सवय साकेला लावू नका प्लीज. कमी घासलेल्या तांदळाच्या जुनमाईत जो भरीवपणा असतो, भाताच्या पेजेसारखा, तो दाइगिंजोत सापडणार नाही. दोघींची कामं वेगळी.

जुनमाई म्हणजे तांदूळ, पाणी, कोजी (तांदळावर वाढवतात ती बुरशी) आणि यीस्ट, वरून अल्कोहोल नाही. होंजोझोत थोडं डिस्टिल्ड अल्कोहोल घालतात, तांदळाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत, असा जपानचा नियमच आहे. भेसळ समजू नका, त्याने वास मोकळा होतो आणि घोट हलका, सुटसुटीत लागतो. तुम्हा चौघांना ती आवडली यात तुमच्या जिभेची काही चूक नाही.

चाखायचं कसं? वाईनसारखं थोडं, पण एक फरक मनात ठेवा. आपल्याकडची शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्यॉं ब्लाँ ही पांढरी वाईन तोंडात घेतली की जबड्याच्या बाजूला पाणी सुटतं, ते आम्लामुळे. साकेत आम्ल त्या मानाने खूपच कमी, त्यामुळे वाईनची सवय असलेला माणूस पहिल्या घोटाला म्हणतो की अरे हे तर गोडसर पाणी. तिथे थांबायचं नाही. घोट जिभेवर पसरू द्या, नाकाने हळू श्वास सोडा, आणि गिळल्यावर काय उरतं ते बघा. टोमॅटोच्या साराचा शेवटचा घोट घेतल्यावर तोंडात जी भरलेली चव राहते ना, जपानी लोक तिला उमामी म्हणतात, साकेत तीच शोधायची.

जपानमध्ये चाखायला पांढरा चिनी मातीचा पेला असतो, त्याच्या तळाला निळ्या रंगाची दोन वर्तुळं. पांढऱ्यावर रंगाची झाक कळते, निळ्याच्या कडेवर साके स्वच्छ आहे की गढूळ ते. तुम्ही घरातल्या पांढऱ्या कपात ओता, आणि दाइगिंजोसाठी एक वाईन ग्लासही काढा कारण वास त्यात जास्त कळतो. ३० मिली पुरे. साकेत अल्कोहोल १५-१६ टक्के असतं, वाईनपेक्षा थोडं जास्तच, तेव्हा मधेमधे पाणी प्या.

क्रम असा की आधी दाइगिंजो, फ्रीजमधून काढून दहा मिनिटांनी. मग होंजोझो. निगोरी शेवटी, कारण ती जाड कापडातून गाळलेली असते, तांदळाचा गाळ त्यात राहतो, गोडही असते, ती आधी प्यायलात तर बाकीच्या दोघी फिक्या वाटतील.

आणि आता खरी गंमत, जी मी प्रत्येकाला करायला सांगते. होंजोझोचे तीन कप भरा. एक फ्रीजचा गार, एक खोलीच्या तापमानाचा, एक गरम. गरम करायला पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, काचेच्या छोट्या बाटलीत साके ओतून ती त्या पाण्यात दोन-तीन मिनिटं उभी ठेवा, दुधाचा थर्मामीटर असेल तर ४५ अंशाला काढा. जपानीत या प्रत्येक पायरीला नाव आहे, १० अंशाला हानाबिए म्हणजे फुलांचा गारवा, ३५ ला हितोहादाकान म्हणजे माणसाच्या अंगाइतकी ऊब, ४५ ला जोकान, ५० ला आत्सुकान. तिन्ही कप शेजारी शेजारी ठेवून एकेक घोट घ्या, एकाच बाटलीतले आहेत यावर विश्वास बसणार नाही. गार असताना जी चव बारीक आणि कोरडी होती ती ४५ ला गोल होते, भाताचा वास वर येतो. तीन महाग बाटल्यांपेक्षा हे तीन कप जास्त शिकवतात असं माझं ठाम मत आहे.

सोबत मिसळ नको. तिखटाने जीभ भाजते आणि अल्कोहोल ती आग वाढवतं. गरम होंजोझोबरोबर उकडलेल्या शेंगा किंवा तळलेली सुरमई घ्या, निगोरीबरोबर लोणी घातलेलं थालीपीठ. थालीपीठाचं मला स्वतःला फार आवडतं.

प्रश्न: ताई, मला भेट मिळालेल्या साकेच्या बाटलीवर 'नामा' असं लिहिलंय. कपाटात ठेवली तर चालेल का? पाहुणे मार्चमध्ये येणारेत.
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर: नाही चालणार, आजच फ्रीजमध्ये टाका आणि पाहुण्यांची वाट बघू नका. बहुतेक साके साधारण ६५ अंशापर्यंत दोनदा तापवून पाश्चराइज करतात, नामा म्हणजे ते केलेलं नाही. त्यामुळे ती ताजी, चुरचुरीत लागते, पण अल्कोहोलमध्येही तग धरणारे काही लॅक्टिक जिवाणू असतात, ऊब मिळाली की ते वाढतात आणि साके गढूळ, आंबट होते. माझ्याबाबतीत झालंय हे. एका दुकानातून हौसेने नामा आणली, त्यांनी ती खिडकीजवळच्या शेल्फवर उन्हात ठेवलेली, घरी उघडली तर शिळ्या ताकाचा वास, पूर्ण बाटली सिंकमध्ये ओतावी लागली. ऊन तर कुठल्याच साकेला चालत नाही. आणि साके वाईनसारखी वर्षानुवर्षं जपायची नसते, मुद्दाम जुनी केलेली कोशू सोडली तर बाटलीत भरल्यापासून वर्षभरात प्यावी.

प्रश्न: आमची इगतपुरीला इंद्रायणीची शेती आहे. घरच्या घरी साके करता येईल का?
— एक शेतकरी वाचक

उत्तर: दादा, लायसन्सशिवाय घरी दारू गाळणं किंवा आंबवणं आपल्याकडे गुन्हा आहे, त्यामुळे करू नका. पण प्रश्न छान आहे म्हणून समजावून सांगते. द्राक्षात साखर आयतीच असते, तांदळात नसते, स्टार्च असतो. साध्या भाताचा घास मिनिटभर चावत राहा, गोड लागायला लागेल, लाळेने स्टार्चची साखर केली. साकेत हे काम कोजी नावाची बुरशी करते, वाफवलेल्या तांदळावर तिचे बीजाणू भुरभुरून उबदार खोलीत दोन दिवस वाढवतात. मग एकाच टाकीत कोजी साखर करत जाते आणि यीस्ट त्याच वेळी साखरेचं अल्कोहोल करत जातं, दोन्ही कामं बरोबर. कोजी वापरून साके करायच्या या कलेला युनेस्कोने डिसेंबर २०२४ मध्ये वारसा यादीत घेतलं.

तांदळाचं म्हणाल तर इंद्रायणीचा वास आणि चिकटपणा जेवणात सोनं आहे, पण साकेचा तांदूळ वेगळा निवडतात. यामादानिशिकी ही तिथली सगळ्यात नावाजलेली जात, दाणा मोठा आणि मधे पांढरा अपारदर्शक ठिपका, त्या ठिपक्यात कोजी सहज शिरते आणि एवढं घासूनही दाणा तुटत नाही. तुमच्या इंद्रायणीचा मूठभर तांदूळ उजेडात धरून बघा, असा मधे पांढरा असलेला दाणा किती निघतो ते मोजा आणि मला कळवा, मला खरंच जाणून घ्यायचंय.