एलिमेंट निवडताना वॅटच्या आधी सळईची लांबी बघा

तुम्ही लिहिलंय की घरी केलेल्या बीअरची गव्हाच्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) बॅच विझलेल्या राखेसारखी लागते, यीस्टवर संशय आहे, आणि पुढच्या वेळी यीस्ट बदलून उकळायच्या भांड्यातलं विजेचं एलिमेंटही ३००० वरून ५५०० वॅटचं घ्यायचा विचार आहे. हे वाचलं आणि लिहायलाच बसलो. थांबा, अजून काही विकत घेऊ नका. भांडं रिकामं करा, टॉर्च घ्या आणि एलिमेंटची सळई खालच्या बाजूने बघा. तिच्यावर काळा, खरखरीत थर असेल तर यीस्टचा काही दोष नाही. वर्ट, म्हणजे यीस्ट घालण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, सळईला लागतोय, दूध भांड्याला लागतं तसाच.

मी यात चार बॅच घालवल्या. पहिली फिकट एल (हलक्या रंगाची बीअर) होती, तिच्यात जेमतेम शंका आली. दुसरी पोर्टर, म्हणजे काळपट बीअर, तिच्यात भाजलेल्या माल्टखाली सगळं झाकलं गेलं. तिसरी अर्ध्या गव्हाची, ती घोटभरही पिववेना. मला वाटलं पाण्यातल्या क्लोरीनचा प्रताप आहे, म्हणून चौथ्या वेळी पाण्यात क्लोरीन घालवणारी मेटाबायसल्फाइटची गोळी टाकली, माल्ट बदललं, यीस्टही बदललं. चव तशीच. तेव्हा फरक माहीत नव्हता, तो सांगतो: क्लोरीनमुळे येणारा वास औषधी असतो, जखमेच्या पट्टीसारखा. करपल्याची चव जळकी असते आणि गिळल्यावर घशात मागे खवखवत राहते. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकारचं आहे.

चूक झाली ती खरेदीच्या वेळी. समोर दोन एलिमेंट होती, दोन्ही ३००० वॅटची, दोन्ही स्टेनलेसची. एक आटोपशीर, एकदाच वळवलेलं. दुसरं लांबलचक, दुमडून परत दुमडलेलं. भांड्यात जागा कमी अडते म्हणून मी आटोपशीर घेतलं. वॅट तेवढेच असले तरी ते किती पृष्ठभागातून बाहेर पडतात यावर सगळं अवलंबून असतं, हे मी तपासलंच नाही.

हिशेब सोपा आहे. सळईची जाडी गुणिले ३.१४ गुणिले तापणारी लांबी, म्हणजे पृष्ठभाग. माझी सळई ८ मिलिमीटर जाड आणि तापणारी लांबी साधारण ५० सेंटिमीटर होती. पृष्ठभाग झाला सुमारे १२५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २४ वॅट. तेवढ्याच जाडीची दीड मीटर सळई घेतली असती तर हाच आकडा ८ वर आला असता. साध्या पाण्याला २४ चालतात, कारण पाणी उष्णता लगेच वाहून नेतं. वर्टमध्ये साखर असते, प्रथिनं असतात, मॅशमधून, म्हणजे दळलेलं माल्ट गरम पाण्यात भिजवतो त्यातून, निसटलेलं बारीक पीठ असतं. ते सळईवर बसतं, थर उष्णता अडवतो, थराखालची सळई आणखी तापते आणि आणखी पीठ चिकटतं. एकदा सुरू झालं की उकळी संपेपर्यंत वाढतच जातं. गहू आणि राय हे धान्य यात सगळ्यात वाईट. माझं मत विचाराल तर वर्टसाठी १० च्या वर जाऊच नका, आणि गव्हाची बीअर वरचेवर करणार असाल तर ८ च्या खाली राहा. याहून जास्तवर वर्षानुवर्षं बिनतक्रार उकळणारे लोक असतील, पण बहुतेकांकडे पंप वर्ट सतत फिरवत असतो. तुमच्याकडे पंप नाही, तुम्ही पिशवीत मॅश करता.

लांबी मोजताना टोकांजवळचा काही भाग तापत नाही हे लक्षात ठेवा. तो हिशेबात धरलात तर आकडा उगाच बरा दिसेल.

आता ज्यांच्यामुळे सगळ्यात जास्त वेळ गेला त्यांच्याबद्दल. विक्रेत्याचं नाव घेत नाही. मी तीन वेळा लिहून विचारलं की तापणारी लांबी किती. पहिल्यांदा उत्तर आलं, ‘३००० वॅट, फूड ग्रेड स्टेनलेस.’ दुसऱ्यांदा, ‘वॅट सारखे तर उष्णता सारखी.’ हे वाक्य खोटं नाही, म्हणूनच मी त्यावर विश्वास ठेवून बसलो. एकूण उष्णता सारखीच असते, प्रश्न ती किती जागेतून बाहेर पडते याचा होता. तिसऱ्यांदा सांगितलं, पाण्यात उकळून बघा, पाणी उकळलं तर एलिमेंट निर्दोष. पाणी अर्थातच छान उकळलं आणि तक्रार बंद झाली. पाण्याच्या चाचणीतून करपण्याबद्दल काहीही कळत नाही. कोणी तुम्हाला ती करायला सांगितली तर वेळ घालवू नका. जो विक्रेता लांबी किंवा दर चौरस सेंटिमीटरचे वॅट सांगू शकत नाही, त्याच्याकडून एलिमेंट घेऊच नये असं माझं ठाम मत आहे.

५५०० घ्यावं का, तर २५ लिटरच्या बॅचसाठी मी घेणार नाही. ३० लिटर पाणी २० वरून ६७ अंशांवर न्यायला सुमारे १.६ युनिट वीज लागते, म्हणजे ३००० वॅटवर ३३ मिनिटं. तिथून उकळीपर्यंत आणखी २३. बाहेर जाणारी उष्णता धरून थोडं जास्त. ५५०० ने एकूण साधारण २५ मिनिटं वाचतील. पण एक लिटर पाण्याची वाफ करायला ०.६३ युनिट पुरतं, त्यामुळे उकळी टिकवायला ३००० सुद्धा पुरेसे आहेत. भांड्याला बाहेरून उष्णतारोधक गुंडाळा, फरक लगेच दिसेल. शिवाय ५५०० वॅट २४० व्होल्टवर २३ अँपिअर ओढतात, म्हणजे वेगळी वायर, वेगळा एमसीबी, सगळंच वेगळं.

तरी मोठं एलिमेंट हाताशी असेलच तर एक उपाय आहे. व्होल्टेज निम्मं केलं की वॅट चतुर्थांश होतात. २४० व्होल्टचं ५५०० वॅटचं एलिमेंट १२० व्होल्टवर फक्त १३७५ वॅट देतं. एकसारखी दोन एलिमेंट सिरीजमध्ये जोडली तरी प्रत्येकी चतुर्थांश, मिळून एकाच्या निम्मे, आणि सळया अगदी सौम्य तापतात. कंट्रोलरने दोन सेकंद चालू, दोन सेकंद बंद असं करून सरासरी निम्मी होते, पण त्या चालू दोन सेकंदांत सळई पूर्ण ताकदीनेच तापते. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत.

मी इलेक्ट्रिशियन नाही. जोडणी परवानाधारक माणसाकडून करून घ्या, भांड्याच्या धातूला अर्थिंग हवंच, आणि ३० मिलिअँपिअर किंवा त्याहून संवेदनशील आरसीसीबीशिवाय (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचशिवाय) हे भांडं चालू करू नका. कंट्रोलरच्या इशाऱ्यावर वीज चालू-बंद करणारा सॉलिड स्टेट रिले बिघडतो तेव्हा बऱ्याचदा बंद न होता चालूच राहतो, त्यामुळे त्याच्या आधी हाताने तोडता येईल असा स्विच हवा. बरेच महिने न वापरलेल्या एलिमेंटने आरसीसीबी पडायला लागला तर घाबरून फेकू नका. आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड टोकांतून हवेतला ओलावा शोषते. कोरड्या, उबदार जागी हळूहळू वाळवून पुन्हा तपासून घ्या. तरीही पडत असेल तर मात्र बदला, आरसीसीबीला चुकवून चालवू नका.

तूर्तास जे आहे त्यावरच पुढची बॅच करायची असेल तर गहू बाजूला ठेवा, माल्ट थोडं जाडसर दळा, पिशवी पूर्ण निथळू द्या पण पिळू नका, आणि मॅशपासून उकळीपर्यंत पॉवर कमी ठेवून लांब पळीने सळईभोवती सतत ढवळत राहा. पिशवी सळईला टेकू नये म्हणून मध्ये जाळी हवीच. बसलेला थर तारेच्या घासणीने खरवडू नका. सोडियम परकार्बोनेट गरम पाण्यात विरघळवून रात्रभर भिजवा, सकाळी पुसलं की बहुतेक निघतो. उरलेल्या पांढऱ्या डागांना सायट्रिक ॲसिड. ब्लीच स्टेनलेसला लावू नका.

झालेल्या बॅचची चव मुरवून जाईल का, हेही तुम्ही विचारलंय. माझ्या दोन बॅच मी पाच महिने ठेवल्या. नाही गेली. बाटल्या मोकळ्या करा आणि सळईची जाडी-लांबी मोजून मला कळवा, आकडा काढून देतो.