दगड झालेलं लाकूड

प्रश्न : वर्धा जिल्ह्यात आजोळच्या शेतात नांगरताना लाकडासारखा मुठीएवढा दगड मिळाला. वलयंही दिसतात. झाड कोणतं आणि तेव्हाचं हवामान कसं, हे कळेल का? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : निम्मं काम घरीच होईल. दगड धुऊन, ओला असतानाच त्याचं आडवं टोक १० पट भिंगाखाली धरा. सगळीकडे विखुरलेले ठळक ठिपके दिसले तर ताडामाडाच्या कुळातलं झाड. बारीक छिद्रं आणि आतून बाहेर जाणाऱ्या रेषा, म्हणजे मज्जाकिरण, दिसले तर बहुधा द्विदल. छिद्रंच नाहीत, एकसारखं बारीक जाळं आहे, तर सूचिपर्णी. नुसतेच रंगीत पट्टे असतील तर अकीक समजा. वलयांवर लगेच भाळू नका. सिलिका, म्हणजे लाकडाचा दगड करणारं खनिज, साचतानाही पट्टे पडतात. खऱ्या वलयात रंगाबरोबर पेशींचा आकारही बदलतो.

झाडाच्या नावासाठी मात्र भूशास्त्राची प्रयोगशाळा गाठावी लागेल. हिऱ्याच्या पात्याने तीन काप घेतात : आडवा, त्रिज्येच्या दिशेने उभा आणि सालीला समांतर उभा. छिद्रांची मांडणी पहिल्यात कळते, किरणांच्या पेशींचे प्रकार दुसऱ्यात, किरणांची उंची-रुंदी तिसऱ्यात. एका बाजूला ४०० आणि मग ८०० नंबरच्या कार्बोरंडमने (घासायच्या कठीण भुकटीने) घासून काप काचपट्टीवर इपॉक्सी या डिंकाने चिकटवायचा आणि दुसरी बाजू झिजवत न्यायची. खडकाच्या छेदाला ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी ठरलेली. लाकडात तो हट्ट नको. फार पातळ केलं तर पेशीभित्तींचा उरलासुरला तपकिरी रंग फिका पडतो, म्हणून ४०-५० वरही थांबतात. काप तिरका गेला तर गोल छिद्रं लंबगोल दिसतात आणि ओळख चुकते. इपॉक्सीत बुडबुडा राहिला तर तेवढा भाग घासताना उडतो.

वर्ध्याच्या भागातलं असं लाकूड दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या गाळात सापडतं. वय सुमारे ६.६ कोटी वर्षं. भारत तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. हवामानाचा अंदाज वाहिन्यांवरून, म्हणजे आडव्या कापात छिद्रं दिसणाऱ्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांवरून, येतो. रुंद, विरळ वाहिन्या म्हणजे पाण्याची चंगळ. अरुंद, दाट वाहिन्या कोरडेपणा सुचवतात. पण फांदीतल्या वाहिन्या खोडातल्यापेक्षा अरुंदच असतात. त्यामुळे आधी किरण पाहा : जवळजवळ समांतर असतील तर जाड खोड, एकमेकांकडे झुकत असतील तर बारीक फांदी.

एका तुकड्यावरून झाड कळेल, जंगल नाही. शिवाय नांगराने वर आलेला दगड मूळ जागेवरचा नसतो. आजोळी जाल तेव्हा बांधाच्या किंवा विहिरीच्या कापात, काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये पांढरट, कठीण गाळाचा पट्टा दिसतो का ते बघा. त्यात आणखी तुकडे असतील तर काढण्याआधी जागा, खोली आणि तुकडा उभा होता की आडवा, एवढं लिहून घ्या.