कुत्री दत्तक घेतली, पण ती तुमची झाली का?

भुसावळच्या एका वाचकाने जळगावच्या प्राणी-निवाऱ्यातून मिश्र जातीची कुत्री दत्तक घेतली. सोसायटीत कुरबुर सुरू झाली, तशी ती रावेरला मेहुण्यांच्या केळीच्या मळ्यात नेऊन दिली. संस्थेला ते कळलं आणि तिने वकिलामार्फत नोटीस पाठवून कुत्री परत मागितली. ‘गावठी कुत्रीसाठी कोणी कोर्टात जातं का?’ असं ते विचारतात. अशी पत्रं वरचेवर येतात.

हो, कोर्टात जातात. तुमचं प्रकरण कुत्रीच्या जातीवर नव्हे, दत्तक घेताना सही केलेल्या फॉर्मच्या सातव्या अटीवर ठरेल: ‘प्राणी तिसऱ्या व्यक्तीस दिल्यास संस्थेकडे परत करावा लागेल.’ तुम्ही मोबदला न देता कुत्री घेतलीत, म्हणजे कायद्याच्या भाषेत ते बक्षीस (फुकट दिलेली भेट) मानलं जाण्याची शक्यता अधिक. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १२६ प्रमाणे देणाऱ्याच्या निव्वळ मर्जीवर परत घेता येईल असं बक्षीस टिकत नाही. मात्र त्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेली ठरावीक घटना घडल्यास बक्षीस रद्द होईल, असं दोघांनी कबूल केलं असेल तर ती अट लागू होते. ‘वाटेल तेव्हा परत नेऊ’ एवढंच लिहिलेलं असतं, तर मी तुम्हाला निर्धास्त केलं असतं. पण इथे ती घटना तुमच्याच हातून घडली आहे. सही करण्याआधी एक पान वाचायला किती वेळ लागला असता?

बचावाला एकच जागा दिसते. कुत्री मळ्यात तात्पुरती ठेवली होती, लस आणि औषधपाणी तुमच्याच खर्चाने चालू आहे, हे खरं असेल आणि पावत्यांनी दाखवता येत असेल तर ‘दिली’ हा शब्द खोडता येईल. खरं नसेल तर तसं लिहू नका. फॉर्ममध्ये मालकी संस्थेचीच राहील असंही असेल, तर ही जागाही अरुंद होते. पूर्ण फॉर्म पाहिल्याशिवाय याहून ठाम बोलत नाही.

सोसायटीला घाबरायचं कारण नव्हतं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांनुसार बहुमताचा ठरावही पाळीव कुत्र्यावर बंदी घालू शकत नाही.

नोटीस दोन महिने कपाटात पडून आहे, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. दावा वर्षानुवर्षं चालेल, तेवढ्यात कुत्री म्हातारी होईल. म्हणून खरा निकाल अंतरिम अर्जावरच, म्हणजे दावा चालू असताना तात्पुरत्या आदेशासाठी केलेल्या अर्जावरच लागतो. तो तुमच्या गैरहजेरीत होऊ नये म्हणून जळगाव आणि भुसावळ दोन्हीकडच्या कोर्टात कॅव्हेट (आपलं म्हणणं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये, असा आगाऊ अर्ज) दाखल करा. ते ९० दिवस चालतं. सोबत नोटिशीला उत्तर द्या: मेहुण्यांकडे ठेवायला लेखी संमती मागा, मळा पाहायला संस्थेच्या माणसांना बोलवा. कुत्री बांधून ठेवली असेल तर ते येण्याआधी तिला साखळीतून सोडा, सावली आणि पाण्याची सोय करा. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायचं टाळणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. संमती मिळाली नाही, तर तिला स्वतःच्या घरी आणा आणि तसं संस्थेला स्पीड पोस्टाने कळवा.